वाचनालयाच्या पत्र्यांसाठी लकी ड्रॉ काढावा का? (लॉटरी, सोरट, भिशी, सगळे अनुभव चालतील)

मन्याडकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गाव देगलूर तालुक्यातलं, तेलंगणाची हद्द हाकेच्या अंतरावर. गावात ड वर्गाचं वाचनालय आहे. दोन पावसाळे झाले, पत्रे गळायलेत आणि पुस्तकं ताडपत्रीखाली आहेत. अनुदान येतं ते वर्तमानपत्रं आणि ग्रंथपालाच्या मानधनातच संपतं. पत्रे, अँगल, मजुरी धरून १,४०,००० चा अंदाज निघालाय.

पोरांचं म्हणणं, गणपतीत कुपनं काढू. १०० रुपयाला एक, ३००० कुपनं. पहिलं बक्षीस मोटारसायकल, दुसरं फ्रिज, बाकी कुकर आणि पंखे. तीन लाख जमले तर बक्षिसांचा खर्च जाऊन दीडेक लाख उरतात. शेजारच्या गावात मंदिराच्या सभामंडपासाठी असंच केलं होतं, कुणी काही म्हणलं नाही.

मी खजिनदार. कुपनावर सही माझी राहणार. म्हणून विचारायलो, यात काही भानगड आहे का?


सोयाबीन_क्विंटल

पहिलं कुपन मला ठेवा मामा. सोडतीच्या बाबतीत माझं नशीब असं की रोटाव्हेटरसाठी तीन वर्षं अर्ज केला, नाव नाही. चौथ्या वर्षी नाव आलं ते ठिबकचं. तवर विहीर आटली होती.


खतावणी

गंमत नंतर. मन्याडकाठ, आधी कुपनं छापायला दिली असतील तर थांबवा.

राज्य सरकारची किंवा सरकारनं परवानगी दिलेली नसलेली सोडत चालवणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड विधानाचं कलम २९४-अ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तेच २९७ झालं. सोडतीसाठी जागा चालवली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. नुसती जाहिरात केली तरी पाच हजारांपर्यंत दंड. म्हणजे गावातल्या चौकात लावलेला फ्लेक्ससुद्धा त्यात येतो. सोडत देवाच्या कामासाठी होती की पुस्तकांसाठी, हे तिथं कुणी विचारत नाही.

शेजारच्या गावात कुणी काही म्हणलं नाही, कारण कुणी तक्रार केली नाही. आणि सरपंचांनी किंवा बीट जमादारानं मान डोलावली ती परवानगी नव्हे. परवानगी म्हणजे कागद.


रात्रपाळी

म्हणजे सरकारनं लॉटरी विकली तर महसूल आणि आम्ही पत्र्यासाठी काढली तर गुन्हा? चौकात टपरीवर राज्य लॉटरीची तिकिटं दोरीला लटकलेली असतात. ढोंग आहे सगळं.


हालीसिक्का

रात्रपाळी, राग बरोबर आहे पण मागची गोष्ट ऐका. मी बँकेतून निवृत्त, मुक्काम लातूर, या विषयाचा नाद जुना आहे. खेळायचा नाही, वाचायचा.

आमच्या लहानपणी लॉटरी हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. सोरट म्हणायचे. माळेगावच्या जत्रेत एक माणूस चित्रांचा तक्ता अंथरून बसायचा. छत्री, कंदील, सिंह, कमळ. ज्याच्यावर पैसा ठेवला ते चित्र निघालं तर पैसे वाढून मिळायचे. माझ्या चुलत्यानं खोंड विकलेल्या पैशातले बारा रुपये कंदिलावर घालवले. पुढं आयुष्यभर घरातली वीज गेली की आजी म्हणायची, ‘लाव आता तुझा कंदील.’

मटक्याची कथा तर आपल्या कापसाशी जोडलेली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे भाव तारेनं मुंबईत यायचे, एक बाजार उघडतानाचा, एक बंद होतानाचा. त्या आकड्यांवर पैजा लागायच्या. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथले. परभणी-जालन्याचा शेतकरी कापूस बैलगाडीत घालून नेणार आणि मुंबईत माणसं त्याच पिकाच्या परदेशी भावावर जुगार खेळणार. १९६१ मध्ये ती सोय बंद पडली तर १९६२ ला कल्याणजी भगत यांनी स्वतःचा आकडा काढायला सुरुवात केली आणि १९६४ ला रतन खत्री यांनी आपला वेगळा मटका मांडला. पुढं आकडा पत्त्यांतून निघायचा, तीन पानं काढायची, बेरजेचा शेवटचा अंक तो ओपन.

राज्य लॉटरी याच्याच पाठोपाठ आली. केरळनं १९६७ ला खातं काढलं, तिकीट एक रुपया, २६ जानेवारी १९६८ च्या पहिल्या सोडतीत पहिलं बक्षीस ५०,०००. महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ ची. लोक खेळणारच आहेत तर मटक्याकडं जाणारा पैसा सरकारी तिजोरीत यावा, हा हिशोब. मटका त्यामुळं थांबला का, हे तुम्हीच तुमच्या बसस्टँडमागं जाऊन बघा.

आणि लोकोपयोगी कामासाठी सोडत ही कल्पना मन्याडकाठांच्या पोरांची नाही. कलकत्त्याचं टाऊन हॉल १८१३ ला लॉटरीच्या पैशातून उभं राहिलं. १८१७ ला तिथं लॉटरी कमिटीच नेमली, रस्ते आणि तलाव त्या पैशातून झाले. १८३६ ला ते बंद केलं. विलायतेतल्या लोकांना लाज वाटायला लागली होती.


खतावणी

ढोंगाबद्दल एक पुरवणी. सर्वोच्च न्यायालयानं १९९९ ला बी. आर. एंटरप्रायझेस खटल्यात स्पष्ट म्हणलंय की राज्यानं चालवली तरी लॉटरी हा जुगारच. फक्त त्या जुगाराला १९९८ च्या कायद्यानं दावं बांधलंय. तिकीट सरकारनं छापलेलं, वर राज्याचं चिन्ह. एका लॉटरीची आठवड्यात एकच सोडत, वर्षात बंपर सहापेक्षा जास्त नाहीत. एकेरी आकड्यावर बक्षीस नाही. सोडत त्याच राज्यात. न मागितलेली बक्षिसाची रक्कम सरकारजमा.

आता हे वाचून आठवा, काही वर्षांपूर्वी गल्लोगल्ली पडद्यावर पंधरा मिनिटाला आकडा काढणारी दुकानं होती, ती यातल्या कुठल्या अटीत बसत होती?


कोरडवाहू

खतावणी साहेब, त्या दुकानानं आमच्या घरातला एक माणूस खाल्ला. मोठ्या मावशीचा मुलगा, बीडला मोंढ्यात हमाल होता. हातात रोज चार-पाचशे यायचे. दुपारी जेवायच्या सुट्टीत दुकानात. आधी दहा रुपये, मग शंभर, मग मालकाकडून उचल. स्वप्नात साप दिसला तर हा आकडा, मयत दिसली तर तो. रस्त्यावर उलटलेल्या ट्रकचा नंबरसुद्धा सोडला नाही. मावशीनं जोंधळ्याच्या कणगीत लपवलेलं मंगळसूत्र त्यानं शोधून काढलं. जास्त लिहवत नाही.

पण मला विचारायचंय ते दुसरंच. आमच्या तालुक्याला एका दुकानदारानं स्कीम काढली होती. महिन्याला १,०००, वीस महिने, ३०० सभासद. दर महिन्याला चिठ्ठी, ज्याचा नंबर लागेल त्याला मोटारसायकल आणि पुढचे हप्ते माफ. ज्याचा लागणार नाही त्याला शेवटी पूर्ण २०,००० परत. मी म्हणलं, यात जायचंय काय? लागली तर गाडी, नाही तर आपलेच पैसे. सतरा महिने भरले. एके दिवशी शटर बंद. सगळे म्हणतात माणूस लबाड निघाला. मला मात्र वाटतं तो पहिल्यांदा तसा नव्हता. पहिले दहा महिने चिठ्ठी आमच्यासमोर, लहान पोराच्या हातानं निघायची. मग नेमकं झालं काय?


खतावणी

कोरडवाहू, हिशोब मांडून बघू. कागद घ्या.

पहिल्या महिन्याला ३०० जण भरणार, दुसऱ्याला २९९, कारण एकाला गाडी लागून तो सुटला. असं करत विसाव्याला २८१. सगळ्याची बेरीज ५८,१०,०००. गाडी ८०,००० ची धरली तर वीस गाड्यांचे १६,००,०००. उरले ४२,१०,०००. आता शेवटी उरलेल्या २८० जणांना प्रत्येकी २०,००० परत द्यायचेत, म्हणजे ५६,००,०००.

तूट १३,९०,०००. ही तूट शेवटी आलेली नाही, पहिल्या दिवशी पत्रक छापलं तेव्हाच त्यात होती. चिठ्ठी खरी होती, पोराचा हात खरा होता, गाड्याही खऱ्या होत्या. मधले महिने हातात लाखो रुपये खेळत असतात म्हणून काढणाऱ्याला स्वतःलाच वाटतं की आपण फायद्यात आहोत. मग तो प्लॉट घेतो. प्लॉट वेळेवर विकला नाही की शटर. थोडा हुशार असेल तर शेवटी रोख न देता ‘वीस हजारांच्या किमतीचा’ भांड्यांचा सेट गळ्यात मारतो आणि तूट भरून काढतो.

या प्रकाराला कायद्यात नाव आहे, प्राइझ चिट. १९७८ च्या कायद्यानं तो देशभर बंद आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. तुम्ही तक्रार दिली असेल तर अर्जात हे नाव घाला. नुसतं ‘फसवणूक’ लिहू नका.


कोरडवाहू

तेरा लाख नव्वद हजार. सतरा महिने हे कुणी मांडलं नाही. आमच्यात दोन मास्तर होते, एक गणिताचा.


जोंधळा

गणिताच्या मास्तरांवर नका जाऊ दादा, मीही शिक्षिकाच आहे. :)

पण भिशी आणि ही स्कीम यात गल्लत नको. आमच्या शाळेतल्या बायकांची बारा जणींची भिशी आहे, महिना दोन हजार. चिठ्ठी निघते पण तिनं फक्त पाळी ठरते. बाराजणींना बारा वेळा चोवीस हजारच मिळतात, कुणाचं कमी नाही, जास्त नाही. मागच्या वर्षी एकीच्या मुलीचं बाळंतपण आलं तर जिची चिठ्ठी निघाली होती तिनं स्वतःहून पाळी बदलून दिली. धोका एवढाच की आधी उचलून एखादी पुढचे हप्ते बुडवेल. म्हणून अनोळखी बाई घ्यायची नाही. (व्यापाऱ्यांची बोलीची भिशी वेगळी, तिथं गरजू माणूस कमी रकमेवर उचलतो आणि फरक बाकीच्यांत वाटला जातो. ते एका अर्थी व्याजच.)

दुसरं, चिठ्ठीला सरसकट बदनाम करू नका. आरटीईच्या पंचवीस टक्के जागांची सोडत निघते, म्हाडाच्या घरांची निघते. सरपंचपदाचं आरक्षण तहसीलला सगळ्या गावांसमोर निघतं, पारदर्शक बरणी, पहिली-दुसरीतलं लेकरू चिठ्ठी उचलतं. एकदा माझ्या वर्गातली मुलगी नेली होती. तिनं काढलेल्या चिठ्ठीनं एका गावातल्या तीन पुढाऱ्यांची पाच वर्षांची तयारी पाण्यात गेली, पद महिलेसाठी राखीव झालं. एकानंही तिच्याकडं डोळे वटारून बघितलं नाही. परतीच्या वाटेवर तिनं मला विचारलं, ‘बाई, मला बक्षीस काय?’


रात्रपाळी

हे पटलं. बरणीतल्या चिठ्ठीला कुणी पैसे भरलेले नसतात. हरणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही.

तरी एक सांगतो, मी दर दिवाळीला बंपर घेतो. एकच. हैदराबाद गाडीत रात्रभर जागताना लागलं तर काय करीन याचा विचार करतो. दोनशे रुपयांत एवढी करमणूक कुठं मिळत नाही.


हालीसिक्का

घे बाबा. पण गणित डोक्यात ठेवून. समजा दहा मालिका आणि प्रत्येकीत एक लाख क्रमांक, तर तिकिटं दहा लाख आणि पहिलं बक्षीस एकाला. तुझ्या गाडीत चाळीस माणसं धरली तर अशा पंचवीस हजार गाड्यांतल्या एका सीटवर तू बसलेला पाहिजेस. आणि जाहिरातीत ‘पहिलं बक्षीस विकल्या गेलेल्या तिकिटांतूनच’ हे वाक्य आहे का ते बघत जा. ते नसेल तर बक्षीस न विकलेल्या तिकिटालाही लागू शकतं.

मटक्याच्या जोडीचं गणित त्याहून सोपं आहे. ०० ते ९९, शंभर जोड्या. प्रत्येकीवर दहा रुपये लावले तर हजार गेले. नव्वद पट भावानं परत आले नऊशे. रोज शंभर रुपये देऊन नऊशे आपलेच परत घ्यायचे, याला लोक ‘अभ्यास’ म्हणतात. वह्या भरतात आकड्यांच्या!


खतावणी

लागली तर काय, हेही सांगून टाकतो, कारण लोक इथंच फसतात. एक कोटीला ३० टक्के कर, म्हणजे ३० लाख बक्षीस देतानाच कापून घेतात. पण उत्पन्न ५० लाखांवर गेल्यामुळं त्या करावर १० टक्के अधिभार आणि मग ४ टक्के उपकर. एकूण ३४,३२,०००. कापल्यापेक्षा ४,३२,००० जास्त, ते विवरणपत्र भरताना द्यायचे असतात. तवर माणसानं मेहुण्याला स्कॉर्पिओ घेऊन दिलेली असते. वर्षभर घेतलेल्या बाकी तिकिटांचा खर्च यातून वजा होत नाही.

शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून तिकिटावर जीएसटी २८ चा ४० टक्के झालाय. ते लागो न लागो, घेताना जातंच.


जोंधळा

कराचा विषय निघाला म्हणून. माझ्या सासूबाईंना व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज आला, पंचवीस लाखांची लॉटरी लागली, टीव्हीवरच्या प्रश्नांच्या कार्यक्रमाचं चित्र वर. ‘आधी बारा हजार टॅक्स भरा.’ त्यांनी शेजारच्या पोराला घेऊन भरलेही. मग आणखी अठरा हजार मागितले तेव्हा घरात सांगितलं. १९३० ला फोन केला तोवर दोन दिवस उलटले होते, पैसे गेलेच. तिकीटच घेतलं नव्हतं तर लॉटरी लागली कशी, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘अगं, देवानं दिलं तर तिकीट मागतो का?’ यावर काय बोलणार.


सोयाबीन_क्विंटल

आमच्याकडं टपालानं पाकीट आलं होतं, आत खरवडायचं कार्ड. खरवडलं तर कार. नाव, पत्ता, सगळं बरोबर. मी फोन करून म्हणलं, कार राहू द्या, त्या बदल्यात युरियाच्या दहा गोण्या पाठवा, टॅक्स त्यातनं कापा. शिव्या देऊन ठेवला.


खतावणी

जोंधळाताई, खूण एकच. रोख बक्षिसाचा कर देणारा कापून देतो, आधी मागत नाही. वस्तूचं बक्षीस असेल तर मात्र ती ताब्यात देण्याआधी कर भरला गेला पाहिजे हे खरं आहे. भामटे याच नियमाचा आधार घेतात. आणि मन्याडकाठ, तुमच्या मोटारसायकललाही हे लागू झालं असतं. ८०,००० च्या गाडीवर २४,०००. विजेता दारात उभा आणि तुम्ही म्हणणार, आधी चोवीस हजार आणा. गणपतीतच मारामारी.


मन्याडकाठ

सगळ्यांचे आभार. कोरडवाहू, तुमची पोस्ट मी मंडळाच्या बैठकीत मोठ्यानं वाचली. कुपनाचा विषय बंद. पण पत्रे गळायचे थांबले नाहीत. आता नुसती वर्गणी मागितली तर गाव म्हणतं, दरवर्षीचंच आहे. काहीतरी ओढ पाहिजे.


हालीसिक्का

तुम्ही हद्दीवर राहता, मग पलीकडं बघा की. हैदराबादजवळ बालापूरच्या गणपतीच्या लाडवाचा लिलाव १९९४ ला ४५० रुपयांवर सुटला होता. आता लाखांत जातो. त्यात नशिबाचा भाग नाही. ज्यानं बोली लावली तो देणार, बाकीच्यांच्या खिशाला हात नाही. देणाऱ्याचं नाव लाउडस्पीकरवर होतं, त्याला तेच पाहिजे असतं.


खतावणी

लिलाव चालेल. मात्र वर्गणी आणि बोलीचे पैसे घेण्याआधी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची ४१-सी ची परवानगी काढा, ऑनलाइन होते. पावतीपुस्तकाला क्रमांक टाका. वाचनालयाचा खर्च मंडळाच्या ठरावात आधी लिहून घ्या, नाही तर शिल्लक डीजेवर जाते.


मन्याडकाठ

(विसर्जनानंतर) अपडेट देतो. परवानगी काढली, वर्गणी ६२,३०० झाली. अकरा किलोचा बुंदीचा लाडू, बोली ५,००० पासून. खतवाले आणि एक गुत्तेदार यांच्यात जुनी खुन्नस, ती आम्हाला पावली. ४१,००० ला खतवाल्यांनी घेतला. शिवाय रोजच्या आरतीच्या मानाचे मिळून २७,५००. एकूण १,३०,८००. दहाएक हजार कमी पडायलेत, गवंडी म्हणाला मजुरी नंतर द्या.

एक अडचण. खतवाल्यांनी २०,००० रोख दिले, उरलेले २१,००० सोयाबीन निघाल्यावर, शेतकऱ्यांकडची उधारी वसूल झाली की देतो म्हणतात. पावती ४१,००० ची मागायलेत, फ्रेम करून दुकानात लावायची आहे म्हणे.


खतावणी

पावती वीसचीच फाडा.


सोयाबीन_क्विंटल

त्या उधारीत माझेही अकरा हजार आहेत बहुतेक, दुकान बसस्टँडसमोरचं असेल तर. म्हणजे शेवटी लाडू मीच घेतला की. एक तुकडा तरी ठेवला का?


मन्याडकाठ

बसस्टँडसमोरचंच. लाडू संपला मामा. पत्रे बघायला या.